मसुराच्या दाण्याएवढी अँटेना: बेळगावात बसून २६ गिगाहर्ट्झचं पहिलं डिझाइन

उद्यमबागेतल्या एका टूलरूममध्ये मी पहिल्यांदा अँटेनेचं ड्रॉइंग घेऊन गेलो, तेव्हा तिथल्या काकांनी कागद हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "किती मायक्रॉनमधी पायजे, ते आधी सांग." मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिम्युलेशनमध्ये पॅचची, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या चौकोनी तुकड्याची, लांबी ३.३४ मिमी आली होती. ती ३.३९ झाली तर काय बिघडेल, हे मी तपासलंच नव्हतं. मिलिमीटर लहरींच्या अँटेनेचं निम्मं डिझाइन त्या एका प्रश्नात आहे, हे मला पहिला बोर्ड वाया गेल्यावर कळलं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलंमुली घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड बोलतात आणि परीक्षा इंग्रजीत देतात. अँटेनेचं पुस्तक उघडलं की सूत्रं पाठ होतात, पण हात चालत नाही. म्हणून पहिली अँटेना कागदापासून मोजमापापर्यंत कशी न्यायची, ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेऊ.

आधी बँड ठरवा

"मिलिमीटर लहरी" असं म्हणून भागत नाही. काटेकोर व्याख्येत त्या ३० ते ३०० गिगाहर्ट्झच्या. मोबाइलच्या दुनियेत मात्र २४.२५ गिगाहर्ट्झपासून पुढच्या बँडनाही हेच नाव पडलं आहे. २०२२ च्या ५जी लिलावात भारतात जो बँड विकला गेला तो २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे आपण ज्याला २६ गिगाहर्ट्झचा बँड म्हणतो तो. परदेशातले बरेच शोधनिबंध २८ किंवा ३८ गिगाहर्ट्झवर आहेत. त्यांची मापं जशीच्या तशी उचलू नका.

२६ गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी ११.५३ मिमी. बँडची रुंदी ३.२५ गिगाहर्ट्झ, म्हणजे मध्य फ्रिक्वेन्सीच्या साडेबारा टक्के. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

हा बँड कुठे उपयोगी आहे, याबद्दलही मनात स्पष्टता हवी. १०० मीटर अंतरावर मोकळ्या हवेतली घट ३.५ गिगाहर्ट्झला सुमारे ८३ डीबी (डेसिबल; दर १० डीबीला शक्ती दहापट कमी) असते, तर २६ गिगाहर्ट्झला सुमारे १०१ डीबी. खानापूरच्या रानात, कणकुंबीच्या घाटात ही लहर गावं जोडणार नाही. तिची जागा विसर्जनाच्या रात्री कपिलेश्वर तलावाजवळ जमणाऱ्या गर्दीत आहे, रेल्वे स्टेशनात आहे, खडेबाजारासारख्या दाटीच्या रस्त्यावर आहे. तिथे शेदोनशे मीटरमध्ये हजारो फोन एकाच वेळी डेटा मागतात.

आपल्याकडे लगेच पावसाचा प्रश्न निघतो. २६ गिगाहर्ट्झला ताशी ५० मिमी पावसात किलोमीटरमागे साधारण ८ डीबी घट होते. पण मोबाइलचं अंतर २०० मीटर धरलं तर ती दीड डीबीच्या आसपास येते. त्याहून जास्त नुकसान करतात ती झाडाची पानं, ओली जांभ्याची भिंत आणि फोन धरणारा हात. म्हणून डिझाइन करताना ढगांपेक्षा हाताची चिंता जास्त करा.

सामान निवडताना घाई नको

गल्लीतल्या पीसीबीवाल्याकडे एफआर-४ (साध्या सर्किट बोर्डचा पदार्थ) मिळतो आणि तो स्वस्त असतो. सगळ्यांचा पहिला बोर्ड त्यावरच होतो आणि पहिला भ्रमही तिथेच होतो.

एफआर-४ चा लॉस टँजंट, म्हणजे पदार्थ किती शक्ती जिरवतो त्याचं माप, सुमारे ०.०२. मायक्रोवेव्हसाठीच्या आरटी/ड्युरॉइड ५८८० या बोर्डचा ०.०००९. याचा हिशेब मांडला तर २६ गिगाहर्ट्झला एफआर-४ वरच्या मायक्रोस्ट्रिप लाइनमध्ये (शक्ती वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्टीत) नुसत्या डायइलेक्ट्रिकमुळे, म्हणजे बोर्डाच्या पदार्थामुळे, सेंटिमीटरमागे जवळजवळ ०.८ डीबी जातात, तर ५८८० वर ०.०२५ डीबी. तीसपट फरक. चार सेंटिमीटरची फीड लाइन घेतली तर तीन डीबी, म्हणजे निम्मी शक्ती, अँटेनेपर्यंत पोहोचायच्या आधीच उष्णता होऊन गेली.

आता भ्रम कसा होतो ते बघा. अशा बोर्डचा रिटर्न लॉस, म्हणजे पाठवलेल्यापैकी किती शक्ती परत येते ते, मोजला तर तो फार छान दिसतो! उणे १० डीबीच्या खाली, रुंदच्या रुंद. मुलं आनंदाने ग्राफ दाखवायला येतात. पण परत न आलेली शक्ती हवेत गेली की बोर्डात जिरली, हे रिटर्न लॉस सांगत नाही. डमी लोडचा रिटर्न लॉसही उत्तम असतो आणि त्यातून काहीच बाहेर पडत नाही. वाइडबँड, म्हणजे रुंद बँडच्या, अँटेनेबद्दल वाचताना, ऐकताना आणि स्वतः दावा करताना नुसती बँडविड्थ (बँडची रुंदी) कधीही पुरेशी मानू नका. शेजारी गेन (हव्या त्या दिशेला शक्ती किती एकवटते) आणि कार्यक्षमता हवीच.

मी पहिल्या डिझाइनला ५८८० सुचवतो. डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (पदार्थात लहर किती आखूड होते ते यावरून ठरतं) २.२०, चूक-भूल ०.०२. ठरावीक जाड्या मिळतात: ०.१२७, ०.२५४, ०.३८१, ०.५०८, ०.७८७, १.५७५ मिमी. मनाला येईल ती जाडी सिम्युलेशनमध्ये घालू नका, ती बाजारात मिळणार नाही. हा पदार्थ टेफ्लॉनच्या जातीचा, मऊ. त्यामुळे ड्रिल करताना कडा चिवट होतात आणि हातात वाकतो. आरओ४००३सी जास्त टणक आणि कारखान्याला सोयीचा, पण त्याचा लॉस टँजंट १० गिगाहर्ट्झला ०.००२७. ॲरेपर्यंत, म्हणजे अनेक पॅचच्या ओळीपर्यंत, गेल्यावर त्याचा विचार करा.

साधा पॅच काढा, आणि तो कुठे अडतो ते पाहा

साधा आयताकृती पॅच हाताने काढल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नका. रुंदीचं सूत्र असं: अर्धी तरंगलांबी × √(२ ÷ (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट + १)). ५.७६५ × ०.७९ = ४.५६ मिमी.

लांबीसाठी आधी परिणामी (बोर्ड आणि वरची हवा मिळून होणारा) डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट काढायचा. ०.२५४ मिमी जाडीवर तो २.०६ येतो. अर्ध्या तरंगलांबीला त्याच्या वर्गमुळाने भागलं की ४.०१ मिमी. कडांवरून विद्युतक्षेत्र थोडं बाहेर फुगतं, त्यामुळे पॅच असतो त्यापेक्षा दोन्ही टोकांना ०.१३ मिमी लांब "वाटतो". ते वजा केलं की लांबी ३.७५ मिमी. अख्ख्या मसुराचा दाणा डोळ्यापुढे आणा, जवळपास तेवढीच ही अँटेना.

याची बँडविड्थ किती? पातळ पॅचसाठी जो ठोकळा अंदाज पुस्तकात सापडतो, त्याने अडीच टक्के येते. सुमारे ६५० मेगाहर्ट्झ. आपल्याला हवेत ३,२५० मेगाहर्ट्झ.

आता टूलरूमच्या काकांचा प्रश्न लावा. ३.७५ मिमीच्या लांबीत ०.१ मिमी चूक म्हणजे २.७ टक्के. फ्रिक्वेन्सी ७०० मेगाहर्ट्झने सरकली. म्हणजे पॅचची सगळी बँडविड्थच त्या चुकीत बुडाली. हीच ०.१ मिमीची चूक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफाय पॅचमध्ये, जिथे लांबी ४० मिमीच्या पुढे असते, ६ मेगाहर्ट्झलाही जेमतेम पोहोचते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सुताराच्या सुताने चालणारं काम आणि टर्नरच्या मायक्रॉनने चालणारं काम यांत जेवढं अंतर, तेवढंच या दोन अँटेनांत.

म्हणूनच मी वाइडबँडकडे वेगळ्या नजरेने बघतो. रुंद बँड नेटवर्कला हवा असतो हे खरं, पण डिझाइन करणाऱ्याला तो आणखी एका कारणासाठी हवा: कापताना, एचिंग करताना (नको ते तांबं रसायनाने काढताना), दोन थर जोडताना, वर प्लास्टिकचं कव्हर येताना, हातात धरताना जे जे सरकणार, ते सगळं पोटात घ्यायला. लागतात साडेबारा टक्के, पण डिझाइन करा अठरा टक्क्यांचं, म्हणजे २३.६ ते २८.२ गिगाहर्ट्झ. ही वरची साडेपाच टक्के तुमच्या हातून होणाऱ्या चुकांची तरतूद.

बँडविड्थ कशी वाढवायची: इथे थोडं थांबूया

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो, जाडी वाढवणं. ०.७८७ मिमी घेतली तर त्याच अंदाजाने साडेसात टक्क्यांपर्यंत जाता येतं. पण त्या जाडीवर ५० ओहमची मायक्रोस्ट्रिप लाइन २.४ मिमी रुंद होते. साडेचार मिमीच्या पॅचला अडीच मिमीची लाइन! ती लाइन स्वतःच अँटेनेसारखी वागायला लागते, पॅटर्न (कुठल्या दिशेला किती शक्ती जाते तो नकाशा) वाकडा होतो आणि बोर्डातून पृष्ठलहरी कडेला पळतात. पॅचला जाड बोर्ड हवा, लाइनला पातळ हवा. एकाच थरात दोघांचं जमत नाही.

यावर १९८५ मध्ये डेव्हिड पोझार यांनी मांडलेला ॲपर्चर कपलिंगचा मार्ग मला नवशिक्यांसाठी सर्वांत शिकवणारा वाटतो. दोन बोर्ड घ्यायचे. खालचा पातळ, ०.२५४ मिमी: त्याच्या तळाला फीड लाइन, वरच्या बाजूला अखंड ग्राउंड आणि ग्राउंडमध्ये एक बारीक खाच, म्हणजे स्लॉट. त्याच्यावर जाड बोर्ड, ०.७८७ मिमी: खालचं तांबं पूर्ण काढलेलं, वर फक्त पॅच. लाइन आणि पॅच एकमेकांना शिवत नाहीत. शक्ती खाचेतून वर चढते. ग्राउंड मध्ये असल्यामुळे लाइनचं रेडिएशन पॅचच्या पॅटर्नमध्ये मिसळत नाही. आणि मुख्य म्हणजे पॅचचा आणि स्लॉटचा असे दोन अनुनाद (रेझोनन्स) जवळ आणले की पंधरा टक्क्यांच्या पुढे जाता येतं. त्यावर आणखी एक पॅच रचला तर वीस टक्क्यांच्याही पुढे.

फुकट काहीच नाही. स्लॉट अनुनादाच्या जवळ गेला की तो खालच्या बाजूलाही शक्ती फेकतो. त्यामुळे स्लॉट लांबवून बँडविड्थ ताणत गेलात तर मागच्या बाजूचं रेडिएशन वाढत जातं.

इतर वाटाही आहेत. पॅचमध्ये यू आकाराची खाच कापणं सोपं वाटतं, पण इतक्या लहान पॅचमध्ये ती खाच ०.२ मिमीच्या घरात येते. विवाल्डी अँटेना फार रुंद बँड देते, पण ती बोर्डाच्या कडेच्या दिशेने फेकते आणि लांबीही बरीच खाते. २००६ मध्ये लुक आणि वाँग यांनी पुढे आणलेला मॅग्नेटोइलेक्ट्रिक डायपोल बँडविड्थ आणि पॅटर्न दोन्हींत सरस आहे. दुसऱ्या वर्षी तो करा, पहिल्या वर्षी नको. त्याच्या उभ्या भिंती म्हणजे व्हायांच्या (थर जोडणाऱ्या, तांब्याने मढवलेल्या भोकांच्या) रांगा, आणि एक व्हाया चुकीचा बसला तरी कारण शोधताना नाकी नऊ येतात.

मापं

जाड बोर्डवर परिणामी डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट १.९४ येतो आणि कडांचं फुगणं प्रत्येक टोकाला ०.४० मिमी. म्हणून पॅच ४.५६ × ३.३४ मिमी. स्लॉटमुळे फ्रिक्वेन्सी थोडी खाली उतरते, त्यामुळे शेवटी लांबी याहून जराशी कमी होईल.

फीड लाइन ०.२५४ मिमी बोर्डवर ०.७८ मिमी रुंद, ५० ओहम. स्लॉट पॅचच्या बरोबर मध्याखाली, लाइनला काटकोनात. सुरुवातीला लांबी २.२ मिमी, रुंदी तिच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. लाइन स्लॉटखालून पुढे जाऊन उघडी संपते, तो उरलेला तुकडा म्हणजे स्टब. लाइनमधली तरंगलांबी ८.४ मिमी, तिचा पाव भाग २.१, स्टब त्याहून किंचित कमी, २ मिमीपासून सुरू करा.

सिम्युलेशन: एका वेळी एकच खुंटी पिळा

एचएफएसएस, सीएसटी, किंवा फुकट हवं असेल तर ओपनईएमएस. कुठलंही सॉफ्टवेअर चालेल. एचएफएसएसची विद्यार्थी आवृत्ती फुकट आहे, तिच्यात जाळीच्या (हिशेबासाठी मॉडेलचे बारीक तुकडे पाडतात, त्यांच्या) आकाराला मर्यादा आहे, पण एका पॅचला ती पुरते. जाळी स्लॉटपाशी बारीक ठेवा, स्लॉटच्या रुंदीत निदान तीन घरं तरी आली पाहिजेत. जाळी दुप्पट बारीक केल्यावर उत्तर सरकत असेल तर आधीचं उत्तर खरं नव्हतं.

मुलं इथे ऑप्टिमायझर (मापं आपोआप शोधणारी सोय) लावून चहाला जातात. माझी कळकळीची विनंती आहे, पहिल्या डिझाइनला तरी असं करू नका. स्लॉट, स्टब आणि पॅच यांच्या लांब्या अशा तीन खुंट्या आहेत आणि प्रत्येकीचं काम वेगळं आहे. ते हाताने एकदा अनुभवलं की आयुष्यभर उपयोगी पडतं.

रिटर्न लॉसचा ग्राफ बाजूला ठेवा आणि स्मिथ चार्ट (अँटेना लाइनशी किती जुळते ते दाखवणारा गोल आलेख) उघडा. फ्रिक्वेन्सी वाढत जाते तशी त्यावर एक रेघ फिरते आणि मध्ये कुठेतरी एक फास पडलेला दिसतो. तो फास पॅच आणि स्लॉटच्या एकमेकांशी चाललेल्या देवघेवीचा. आता स्लॉटची लांबी ०.१ मिमीने वाढवा: फास मोठा होतो. कमी करा: लहान होतो. स्टबची लांबी बदला: फास तेवढाच राहतो, पण चार्टवर वर किंवा खाली सरकतो. पॅचची लांबी बदला: फासाचा आकार जवळजवळ तोच, पण तो वेगळ्या फ्रिक्वेन्सीला पडतो.

चार्टच्या मध्याभोवती उणे १० डीबीचं वर्तुळ काढा. त्या वर्तुळात पडलेल्या बिंदूंवर दहा टक्क्यांपेक्षा कमी शक्ती परत येते. तुमचं काम एवढंच, की तो फास मध्याभोवती वेढा घालून वर्तुळाच्या आत राहावा. फास फार लहान असेल तर बँड अरुंद. फार मोठा असेल तर ग्राफमध्ये दोन खड्डे दिसतात आणि त्यांच्या मधला उंचवटा उणे १० च्या वर डोकावतो. शहापूर-वडगावच्या मागावर बसलेल्या माणसाला ताण किती हवा हे बोटांना कळतं. इथेही पंधरावीस वेळा स्लॉट लांब-आखूड केलात की फास कुठे जाणार ते आधीच दिसायला लागतं.

सगळं जमल्यावर आणखी एक फेरी करा, आणि ही फेरी कुणीही टाळू नये. पॅच ०.०५ मिमी मोठा-लहान करून बघा. दोन बोर्ड एकमेकांवर ०.१ मिमी सरकवून बघा. डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट २.१८ आणि २.२२ घालून बघा. दोन बोर्डांमध्ये ०.०५ मिमी हवेचा थर घाला. या सगळ्यांत २४.२५ ते २७.५ टिकलं, तरच बोर्ड करायला पाठवा.

हवेच्या थराचा धडा मी पैसे मोजून शिकलो. माझा पहिला दोन थरांचा नमुना सिम्युलेशनपेक्षा जवळपास ८०० मेगाहर्ट्झ वर निघाला. दोन दिवस मी कनेक्टरला आणि कॅलिब्रेशनला दोष देत होतो. शेवटी बोर्डाच्या कडा प्लास्टिकच्या चिमट्यांनी दाबल्या आणि स्क्रीनवरचा खड्डा डोळ्यांदेखत खाली सरकला. कोपऱ्यांतल्या नायलॉनच्या स्क्रूंनी बोर्ड मध्ये फुगला होता, केसाएवढा. हिशेब नंतर केला: ०.७८७ मिमीखाली ०.०५ मिमी हवा आली की फ्रिक्वेन्सी तीन टक्क्यांपर्यंत वर जाते. आता मी स्क्रू पॅचच्या शक्य तितके जवळ, पण पॅचच्या कडेपासून निदान एक तरंगलांबी दूर ठेवतो, आणि जमल्यास कारखान्याकडूनच बाँडिंग फिल्मने थर जोडून घेतो. फिल्म वापरणार असाल तर तिची जाडीही सिम्युलेशनमध्ये हवी.

बोर्ड करून घेणं

हे काम बंगळुरूच्या कारखान्यांकडे जातं. पाठवताना तीन गोष्टी लेखी सांगा. पॅच आणि लाइनवर सोल्डर मास्क नको. निकेल-सोन्याचा मुलामा नको: २६ गिगाहर्ट्झला तांब्यातला प्रवाह पृष्ठभागाच्या ०.४ मायक्रॉनमध्ये वाहतो, आणि वर काही मायक्रॉन निकेल आलं तर प्रवाह त्या निकेलमध्ये जाऊन लॉस वाढतो. इमर्शन सिल्व्हर मागा, किंवा नुसतं तांबं. आणि एचिंगमध्ये कडा किती खाल्ल्या जातात ते आधी विचारून घ्या.

चौथी गोष्ट स्वतःसाठी. एकाच पॅनेलवर पाच भावंडं ठेवा: मूळ पॅच, आणि लांबी ०.०५ व ०.१ मिमीने कमी-जास्त केलेले चार. खर्च जवळजवळ तेवढाच, पण कारखान्याची चूक कोणत्या दिशेला आहे ते एका खेपेत कळतं.

बोर्ड आला की आधी सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. मोजलेली मापं सिम्युलेशनमध्ये परत घाला. जून ते सप्टेंबर इथल्या दमट हवेत उघडं तांबं काळवंडतं, म्हणून सिलिका जेलची पुडी घालून झिपच्या पिशवीत ठेवा.

कनेक्टर आणि व्हीएनए

साधा एसएमए साधारण १८ गिगाहर्ट्झपर्यंतचा. त्याने २६ ला मोजलेला ग्राफ अँटेनेचा नसतो, कनेक्टरचा असतो. २.९२ मिमीचा एंड-लाँच कनेक्टर घ्या. तो ४० गिगाहर्ट्झपर्यंत चालतो आणि सोल्डर न करता स्क्रूने बसतो, म्हणून पाचही नमुन्यांना एकच पुरतो. घट्ट करताना नट फिरवा, कनेक्टरचं अंग कधीही फिरवू नका, आणि टॉर्क पाना वापरा.

रिटर्न लॉस मोजायचं यंत्र म्हणजे व्हीएनए (व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर). स्वस्तातले हातातले व्हीएनए या फ्रिक्वेन्सीपर्यंत पोहोचत नाहीत. कॉलेजात २८ गिगाहर्ट्झच्या पुढे जाणारं यंत्र नसेल तर बाहेर वेळ घ्यावी लागेल. मुंबई, चेन्नई, कोलकाता इथे केंद्रं असलेली समीर ही सरकारी संस्था मायक्रोवेव्हच्या चाचण्यांचं काम करते. एक दिवस मिळणार असेल तर त्या दिवशी काय काय मोजायचं त्याची यादी आठवडाभर आधी तयार ठेवा. कॅलिब्रेशन केबलच्या टोकाला करा आणि नंतर केबल वाकवू नका. कॅलिब्रेशननंतर शॉर्ट (सगळी शक्ती परत पाठवणारा तुकडा) पुन्हा लावून बघा. रेघ शून्य डीबीवर सपाट नसेल तर पुन्हा पहिल्यापासून.

गेन मोजायचा तर उद्यमबागेत जा

आपल्या गावचा खरा फायदा इथे आहे. गेन मोजायला ओळखीची दुसरी अँटेना लागते, म्हणजे हॉर्न. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात ५ मिमीपर्यंतच्या लहरींवर प्रयोग केले, तेव्हाही त्यांनी धातूच्या नळ्या आणि नरसाळ्यासारखे हॉर्न स्वतः घडवून घेतले होते. फाउंड्री आणि मशीन शॉपच्या या गावात ते आपल्याला जमायला हवं.

आपल्या बँडला डब्ल्यूआर-३४ वेव्हगाइड (लहर वाहून नेणारी धातूची पोकळ नळी) बसतो: आतलं माप ८.६४ × ४.३२ मिमी. ॲल्युमिनियमच्या दोन अर्ध्या ठोकळ्यांत व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर) खोबण कापायची आणि ते जोडायचे. जोड मात्र रुंद भिंतीच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे, कारण तिथे प्रवाह जोड ओलांडत नाही आणि फट राहिली तरी गळती होत नाही. जोड कडेच्या भिंतीवर घेतलात तर हॉर्न वाया. तोंड साधारण २९ × २३ मिमी ठेवलं की गेन १५ डीबीआयच्या (डीबीआय हे गेनचं एकक) आसपास येतो. यावेळी काकांना मी सरळ सांगितलं: वीस मायक्रॉन. ते म्हणाले, "मग उद्या सांजच्याला ये."

एकाच प्रोग्रामवर दोन सारखे हॉर्न करून घ्या. ते लाकडी टेबलावर ५० सेंटिमीटर अंतरावर समोरासमोर ठेवा. या अंतरावर २६ गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेतली घट ५४.७ डीबी. एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचलेली शक्ती मोजा, तिच्यात ५४.७ मिळवा, निम्मं करा: हा एका हॉर्नचा गेन. आता एक हॉर्न काढून तिथे तुमचा पॅच लावा. हॉर्न १५ चा निघाला आणि पोहोचलेली शक्ती उणे ३३.२ डीबी आली, तर पॅचचा गेन ६.५ डीबीआय. चांगल्या पॅचला सहा ते सात यायला हवेत. चारच आले तर रिटर्न लॉस कितीही सुंदर असला तरी शक्ती कुठेतरी जळते आहे. बँडच्या तळाला, मध्यावर आणि टोकाला, तिन्ही ठिकाणी मोजा.

पाच सेंटिमीटरच्या बोर्डला दूरक्षेत्राचं अंतर ४३ सेंटिमीटर निघतं, त्यामुळे हे टेबलावर खरोखर जमतं. वायफायच्या मोठ्या अँटेनेला जी जागा लागते ती इथे लागत नाही. कनेक्टर धातूचा आहे आणि अँटेनेपेक्षा मोठा आहे, म्हणून त्याच्यावर शोषक फोमचा तुकडा टाका, नाहीतर पॅटर्नमध्ये लाटा दिसतील.

चार पॅच एका ओळीत

फोनमध्ये एकटा पॅच पुरत नाही, चार-पाचांची ओळ लागते आणि ती फोनच्या कडेला बसते. चार पॅच म्हणजे गेनमध्ये जास्तीत जास्त ६ डीबीची भर, त्यातून फीडचा लॉस वजा. अंतर बँडच्या वरच्या टोकाला ठरवा, मध्यावर नाही: २७.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १०.९ मिमी. केंद्रापासून केंद्रापर्यंत ६ मिमी ठेवलं तर बीम दोन्ही बाजूंना पन्नास अंशांपर्यंत फिरवता येतो आणि नको असलेला दुसरा बीम उगवत नाही. पूर्ण ओळ साडेबावीस मिमीची. दोन शेजारी पॅचमध्ये कपलिंग (एकातून दुसऱ्यात जाणारी शक्ती) किती आहे ते मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कव्हर घाला, हात लावा, पुन्हा मोजा

सगळं जुळल्यावर फोनचं जुनं प्लास्टिकचं कव्हर कापून त्याचा तुकडा पॅचवर ठेवा. खड्डा खाली सरकेल. किती सरकला ते लिहा. मग तुकडा एक मिमी वर उचलून ठेवा, पुन्हा लिहा. मग बोट पॅचच्या कडेला आणा, नंतर थेट वर. बोटाने पूर्ण झाकल्यावर पॅचमधून जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. फोनमध्ये असे मॉड्यूल दोन-तीन कडांना का ठेवतात ते त्या क्षणी कळतं. आणि पन्नास मायक्रॉनच्या चुका, कव्हर, बोटाची जवळीक हे सगळं झाल्यावरही २४.२५ आणि २७.५ ही दोन्ही टोकं उणे १० च्या खाली राहिली, तर पॅनेलवरच्या त्या भावंडाचा नंबर वहीत ठळक लिहा आणि त्याच मापांवर ॲरेचा बोर्ड बंगळुरूला पाठवा.